मुळांवरील सोबतीण बुरशी व अवर्षण

एकाच शिवारांत, बांधाला बांध लागून, दोन शेतें असतात. जमीन एका पोताची, बीं एका जातीचें, पेरणी एकाच वाफशावरची. पुढें श्रावणांत पावसानें वीस-बावीस दिवस ताण दिला म्हणजे एका शेतांतील ज्वारी दुपारीं पानें गुंडाळते व सांजावतांना पुन्हां मोकळी होते. शेजारच्या शेतांतील ज्वारी मात्र सकाळींहि पानें उलगडीत नाहीं, आणि पाऊस परत आला तरी ती पूर्वीची उभारी धरीत नाहीं. असें कां झालें म्हणून विचारावें, तर आमचे जुने जाणते शेतकरी "बेवडाचा फरक" एवढेंच उत्तर देतात.

हें उत्तर खोटें नाहीं. परंतु बेवड म्हणजे नक्की काय, हें आम्ही आजवर अपुरेंच सांगत आलों. द्विदल पिकानें जमिनींत नत्र राहतो, पालापाचोळ्यानें ओल टिकते, एवढें सांगितलें कीं आमचा उलगडा संपत असे. वस्तुतः मागील पीक जमिनींत आणखीहि एक ठेव ठेवून जातें. ती डोळ्यांस दिसत नाहीं, आणि म्हणूनच ती केव्हां वाढली व केव्हां मोडली याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. ही ठेव म्हणजे पिकाच्या मुळांशीं सोबत करून राहणारी बुरशी होय. अलीकडे हिच्या भुकटीचे पुडे 'मायकोरायझा' या नांवानें बाजारांत मिळतात, आणि त्यांच्या योगानें पीक दुष्काळासहि दाद देत नाहीं, असें सांगणारे विक्रेतेहि भेटतात. तेव्हां ही बुरशी काय करते, काय करूं शकत नाहीं, आणि आपल्या शेतांत फुकट असलेली ती आपणच कशी घालवितों, या तीन गोष्टी शेतकरी बंधूंनीं पुड्यावर पैसा खर्चण्यापूर्वीं समजून घ्याव्या, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

१. ही बुरशी कोणती?

बुरशी म्हटली कीं तुरीचा मर, ज्वारीची काणी, गव्हाचा तांबेरा हे शत्रु डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु सर्वच बुरशी पिकाचा घात करणारी नसते. १८८५ सालीं बर्लिन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांनीं ही गोष्ट प्रथम ठासून मांडली. ट्रफल नांवाचें जमिनीखालीं वाढणारें अत्यंत महाग भूछत्र लागवडीनें पिकवितां येईल काय, याचा शोध करण्याचें काम प्रशियाच्या सरकारनें त्यांजकडे सोंपविलें होतें. तो शोध करतांना त्यांस असें आढळलें कीं, जंगलांतील वृक्षांच्या बारीक मुळ्यांवर बुरशीचें दाट वेष्टन असतें, आणि तें असूनहि झाड रोगी नसून उलट धडधाकट असतें. या जोडीस त्यांनीं 'बुरशी' व 'मूळ' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून जें नांव दिलें, त्याचेंच आजचें रूप मायकोरायझा हें होय.

चीड, देवदार अशा वृक्षांवरील बुरशी मुळाच्या बाहेरून वेष्टन करते. आमच्या शेतांतील पिकांवरील बुरशी निराळ्या जातीची आहे. तिचे तंतु मुळाच्या सालींत शिरतात व तेथील पेशींत झाडाच्या फांद्यांसारखे बारीक बारीक फाटे फोडतात. या फाट्यांच्या ठिकाणींच पीक व बुरशी यांचा देण्याघेण्याचा बाजार भरतो. ही सोबत फार पुरातन आहे. स्कॉटलंडमधील रायनी या गांवाजवळ सुमारें ४० कोटि वर्षांपूर्वींच्या वनस्पति दगडांत जशाच्या तशा सांपडल्या आहेत. त्या वनस्पतींस अद्याप खरीं मुळें फुटलेलीं नव्हतीं, तरी त्यांच्या अंगांत हेच फाटे स्पष्ट दिसतात. म्हणजे मुळें जन्मास येण्यापूर्वींपासून ही बुरशी वनस्पतींची सोबत करीत आहे.

ज्वारी, बाजरी, मका, तूर, हरभरा, मूग, उडीद, सोयाबीन, भुईमूग, कापूस, सूर्यफूल, कांदा, लसूण, मिरची, हळद, केळ, संत्रा, मोसंबी, द्राक्ष, डाळिंब हीं सर्व पिकें या बुरशीशीं सोबत करतात. त्यांतहि कांद्याचीं मुळें जाड, आंखूड व केसांविना असल्यामुळें त्यास हिची गरज विशेष. उलट मोहरी, कोबी, फुलकोबी, मुळा, तसेंच बीट व पालक या पिकांच्या मुळांत ती राहत नाहीं. पाणी तुंबलेल्या भातखाचरांतहि ती फार थोडी असते. ही यादी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

दुसरी ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, या बुरशीस जिवंत मुळाखेरीज दुसरें घर नाहीं. शेणखतावर, कुजक्या पाल्यावर किंवा गुळाच्या पाण्यांत ती वाढत नाहीं. ती पाळीव जनावराप्रमाणें आहे. दावणींत वैरण पडेल तोंवर ती आहे, आणि तिची वैरण म्हणजे जिवंत पिकानें मुळावाटे दिलेली साखर.

२. देण्याघेण्याचा व्यवहार

पानें सूर्यप्रकाशांत जी साखर तयार करतात तिच्यांतील शेंकडा ४ पासून २० पर्यंत भाग पीक या बुरशीस देतें, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. हा खर्च थोडा नव्हे. मग पीक तो कां सोसतें? मुख्यतः स्फुरदासाठीं.

नत्र पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत येतो. स्फुरद तसा येत नाहीं. तो मातीच्या कणांस घट्ट चिकटून बसतो, आणि आमच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत तर तो फारच जखडला जातो. मूळ आपल्या भोंवतींचा एक-दोन मिलिमीटर पट्ट्यांतील स्फुरद लवकरच उचलून संपवितें. नंतर त्याच्याभोंवतीं रिकामा पट्टा पडतो, आणि पलीकडे माल असूनहि मूळ उपाशी राहतें. बुरशीचे तंतु हा रिकामा पट्टा ओलांडून कित्येक सेंटीमीटर पलीकडे जातात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील दोन ते दहा भाग, एवढीच त्यांची जाडी. त्यामुळें जेथें मुळाचा केसहि शिरूं शकत नाहीं अशा मातीच्या छिद्रांत ते शिरतात. एक ग्रॅम मातींत असे कित्येक मीटर तंतु पसरलेले असूं शकतात. स्फुरदाबरोबर ते जस्तहि आणून देतात. तेवढीच लांबी पिकानें स्वतःच्या मुळांनीं भरून काढावयाची म्हटल्यास त्यास कितीतरी अधिक साखर खर्चावी लागेल. तेव्हां पिकाच्या दृष्टीनें हा सौदा बहुधा फायद्याचाच ठरतो.

मात्र पीक मोठें हिशेबी आहे. जमिनींत स्फुरदाची रेलचेल झाली कीं तें बुरशीचा रोजमुरा बंद करूं लागतें. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण येथेंहि लागू पडते. आणि स्फुरदाची उपासमार झाली कीं तेंच पीक मुळांतून एक विशिष्ट द्रव्य पाझरून बुरशीस हांक मारतें.

या हांकेची कथा ज्वारी पिकविणाऱ्या वाचकांनीं अवश्य ऐकावी. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचें बीं जमिनींत वर्षानुवर्षें निजून राहतें, आणि यजमान पिकाचें मूळ जवळ आलें कीं नेमकें त्याच वेळीं उगवतें. तें कशानें जागें होतें, याचा शोध करतांना १९६६ सालीं कपाशीच्या मुळांतून पाझरणारें एक द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. परंतु स्वतःच्या शत्रूस जागें करणारें द्रव्य झाड मुळांत तयार तरी कां करतें, हें कोडें पुढें जवळजवळ ४० वर्षें सुटलें नाहीं. २००५ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, ह्याच वर्गांतील द्रव्यानें सोबतीण बुरशीच्या तंतूंस फांद्या फुटतात. म्हणजे पीक मित्रास हांक मारतें, आणि ती हांक ऐकून चोर आधीं दाराशीं येतो. स्फुरदास वंचित झालेल्या हलक्या रानांत टारफुल्याचा जोर अधिक कां, याचें एक कारण यांत आहे.

३. पावसाच्या ताणांत काय घडतें?

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. जमीन वाळूं लागली म्हणजे पिकावर दोन संकटें एकदम येतात. पाणी कमी होतें हें पहिलें. दुसरें संकट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. मातीच्या कणांभोंवतीं पाण्याचा जो पातळ थर असतो त्यांतूनच स्फुरद हळूहळू मुळाकडे सरकतो. ओल घटली कीं हा थर जागोजाग तुटतो, वाट बंद पडते, आणि तहानलेलें पीक त्याच वेळीं उपाशीहि राहतें. उपाशी पिकाचीं मुळें खोल जात नाहींत, आणि मुळें खोल गेलीं नाहींत कीं खालची ओल त्यास लाभत नाहीं. अशा रीतीनें एक संकट दुसऱ्यास वाढवितें.

सोबतीण बुरशीचें साह्य येथें तीन प्रकारांनीं होतें. पहिला प्रकार असा कीं, वाट तुटलेल्या मातींतूनहि तिचे तंतु स्फुरद व जस्त आणीत राहतात. त्यामुळें पिकाची वाढ ताणापूर्वींच जोमदार झालेली असते व मुळें खोल गेलेलीं असतात. दुसरा प्रकार असा कीं, माती सुकून आकसली व मूळहि आकसलें म्हणजे दोहोंमध्यें पोकळी पडते. तंतु ही पोकळी ओलांडून मूळ व माती यांचा सांधा कायम ठेवतात, आणि ज्या बारीक छिद्रांत अखेरची ओल दडून बसते तेथपर्यंत पोंचतात. तिसरा प्रकार मातीच्या घडणीचा. हे तंतु मातीच्या कणांस जाळ्याप्रमाणें बांधून त्यांचे लहान लहान रवे करतात. अशी रवाळ जमीन पावसाचें पाणी अधिक पिते व पृष्ठभागावर लवकर पापुद्रा धरीत नाहीं.

या तिन्हींपैकीं कोणत्याचा वांटा किती, याविषयीं शास्त्रज्ञांत बरीच चर्चा झाली आहे, आणि ती वाचकांपासून लपवून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत सफीर, बॉयर व गर्डमन यांनीं १९७१ सालीं सोयाबीनवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. बुरशीयुक्त रोपांत मुळांतून पाणी वर चढण्यास होणारा अडथळा बराच कमी होता. हें पाहून कोणासहि वाटेल कीं, तंतूच नळाप्रमाणें पाणी आणून देतात. परंतु त्याच मंडळींनीं पुढच्या वर्षीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बुरशीविरहित रोपांस भरपूर अन्नद्रव्यें दिलीं, तेव्हां त्यांच्यांतीलहि अडथळा तितकाच कमी झाला. म्हणजे त्या रोपांच्या बाबतींत बुरशीचा उपकार मुख्यतः अन्नाचा होता, आणि पाण्याचा लाभ त्यामागोमाग आला. उलट २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत रानटी ओटच्या मुळांपासून ओली माती हवेच्या फटीनें तोडून ठेवली होती, आणि त्या फटीपलीकडे केवळ बुरशीचे तंतूच जाऊं शकत होते. खूण करून ठेवलेलें पाणी तरीहि रोपांत पोंचलें. म्हणजे तंतु पाणीहि आणतात हें खरें. पण तें प्रत्येक पिकांत व प्रत्येक जमिनींत भरीव प्रमाणांत आणतातच, असें मात्र कोणीं समजूं नये.

यावरून व्यवहारापुरता निष्कर्ष सरळ आहे. ही बुरशी पाणी निर्माण करीत नाहीं. जमिनींत ओलच उरली नसेल तर तंतु आणणार कोठून? १९७२ सारख्या सालीं तिच्या जोरावर पीक उभें राहील, अशी आशा कोणी धरूं नये. परंतु आमच्याकडे पुष्कळ पिकें जातात तीं अशा अस्मानी सालांत नव्हे, तर दोन पावसांमधल्या दोन-तीन आठवड्यांच्या उघडिपींत. पीक त्या अवधींत थोडें अधिक तग धरून राहिलें व पाऊस येतांच पुन्हां वाढीस लागलें, तर दाणा भरतो. नाहीं तर कडबाच हातीं राहतो. ही बुरशी उपयोगी पडते ती या तग धरण्याच्या कामीं.

४. पडीक शेताचा धडा

बुरशी नसेल तर काय होतें, याचें एक मोठें उदाहरण ऑस्ट्रेलियांत घडलें आहे. त्या देशाच्या क्वीन्सलँड प्रांतांत डार्लिंग डाउन्स नांवाचा प्रदेश आहे. तेथील जमीन आमच्या दख्खनच्या काळ्या जमिनीच्या वर्गांतलीच, उन्हाळ्यांत भेगाळणारी, पाण्यानें फुगणारी व ओल धरून ठेवणारी. पाऊस बेभरंवशाचा असल्यामुळें तेथील शेतकरी हंगाम बदलतांना कधीं कधीं शेत बारा महिन्यांहून अधिक काळ पड ठेवतात. त्या मुदतींत तण उगवूं न देतां जमिनींत पाणी सांठवावयाचें, हा हेतु.

हेतु साधतोहि. अशा पडीनंतर जमिनींत ओल अधिक असते, नत्रहि अधिक असतो. असें असतां त्यावर पेरलेलें पीक उत्तम यावयास पाहिजे. प्रत्यक्षांत मात्र सूर्यफूल, हरभरा, जवस, मका, ज्वारी हीं पिकें उगवून आल्यावर खुजीं राहत, पिवळीं पडत, आणि त्यांत स्फुरद व जस्त यांच्या तुटीचीं लक्षणें दिसत. जें पीक आदल्या पिकापाठोपाठ, कमी ओलीवर पेरलें तें बरें येई. आणि ज्यासाठीं वर्षभर जमीन राखली तें हातचें जाई. या विकारास 'लांब पडीचा विकार' असें नांव पडलें, पण कारण कळेना. अखेर १९८७ सालीं थॉम्पसन या संशोधकानें दाखवून दिलें कीं, मुळांविना गेलेल्या त्या काळांत जमिनींतील सोबतीण बुरशी उपासमारीनें घटत जाते. पुढील पिकाच्या मुळांस ती वेळेवर लाभत नाहीं, आणि म्हणून स्फुरद व जस्त जमिनींत असूनहि पिकास मिळत नाहीं. गहूं व बार्ली हीं पिकें या बुरशीवर कमी अवलंबून असल्यामुळें त्यांचें नुकसानहि त्या मानानें कमी होई.

पाणी सांठविलें आणि तें पिण्याचें साधनच गमाविलें, असा हा प्रकार आहे. आमच्या शेतकऱ्यांनीं यापासून काय घ्यावें? सोलापूर, अहिल्यानगर, बीड या भागांतील रब्बीच्या रानांत खरीप मोकळा ठेवून पाळ्या घालण्याची वहिवाट आहे. ती चुकीची आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ही पड तीन-चार महिन्यांची; वर्षाहून लांब पडीशीं तिची बरोबरी करतां येणार नाहीं. उन्हाळ्याच्या कोरड्या जमिनींतहि या बुरशीचे बीजाणु व तिनें व्यापलेल्या मुळांचे तुकडे तग धरून राहतात. भीति आहे ती वेगळ्याच प्रसंगाची. एखाद्या सालीं खरीप साधत नाहीं, रब्बीचीहि पेरणी होत नाहीं, तणहि काढून टाकलेलें असतें, आणि शेत दीड वर्ष मुळांविना राहतें. त्यानंतरच्या चांगल्या सालीं पीक अपेक्षेप्रमाणें येत नाहीं, आणि दोष बियाण्यास किंवा नशिबास दिला जातो. एका दुष्काळाची झळ अशा रीतीनें दुसऱ्या, सुकाळाच्या वर्षासहि लागूं शकते.

५. असलेली ठेव राखावी कशी?

आमच्या बहुतेक जिरायत शेतांत ही बुरशी निसर्गतः असते. ती विकत आणण्यापूर्वीं असलेली मोडूं नये, हें पहिलें शहाणपण. त्यासाठीं पुढील गोष्टी पाळाव्या.

(१) शेत वर्षभर मुळांविना ठेवूं नये. मोठें पीक साधलें नाहीं तरी मिळेल त्या ओलीवर मटकी, हुलगा, मूग, चवळी यांपैकीं कांहीं फेकावें. दाणा न आला तरी वैरण होईल, आणि मुळें बुरशीस जगवितील. रब्बीच्या रानांत असें पीक घेतल्यास पुढच्या ज्वारीची ओल तें खाऊन टाकणार नाहीं इतक्या लवकर मोडावें. जेथें पाऊस फारच तुटपुंजा तेथें सर्व रानांत न करतां थोड्या भागांत करून पहावें.

(२) पिकांची पाळी ठरवितांना वर दिलेली यादी आठवावी. कोबी, फुलकोबी किंवा मोहरी यांच्यामागून लागलीच कांदा अथवा सूर्यफूल घेतल्यास त्यांस बुरशीचा बेवड मिळत नाहीं. मध्यें ज्वारी, मका किंवा एखादें द्विदल पीक घ्यावें. ज्वारींत तूर, कपाशींत मूग, अशीं मिश्र पिकें घेण्याची आपल्या वडिलांची चाल या दृष्टीनेंहि हिताची आहे. एक पीक निघालें तरी दुसऱ्याचें मूळ जिवंत राहतें.

(३) नांगरट गरजेपुरती करावी. प्रत्येक नांगरटीनें तंतूंचें जाळें तुटतें, व पुढील पिकास तें पुन्हां उभारावें लागतें. हरळी, लव्हाळा किंवा किडींचे कोष यांसाठीं खोल नांगरट करावी लागते तेथें ती जरूर करावी. पण केवळ रिवाज म्हणून दरसाल करूं नये.

(४) माती तपासून मगच स्फुरदाचें खत द्यावें. बागायतांत वर्षानुवर्षें डीएपी व सुपर फॉस्फेट टाकून स्फुरदाचा सांठा वाढलेला असतो. तेथें आणखी टाकणें म्हणजे पैसा घालवून मित्रास घराबाहेर काढणें होय. जेथें स्फुरद खरोखर कमी आहे तेथें मात्र माफक खत दिल्यानें पीक व बुरशी दोहोंचेंहि बरें होतें. बुरशी कणांत अडकलेला स्फुरद गोळा करून आणते, नवा घडवीत नाहीं. म्हणून पिकाबरोबर जें शेतांतून जातें तें केव्हां तरी परत द्यावेंच लागतें.

(५) कार्बेन्डाझिमसारखीं बुरशीनाशकें मुळांशीं ओततांना विचार करावा. शत्रु व मित्र यांतील भेद त्यांस कळत नाहीं. रोग निश्चित असेल तर उपाय करावा. भयापोटीं ओतूं नयेत.

६. विकतचा पुडा केव्हां घ्यावा?

विकतची बुरशी निरुपयोगी आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. ती कोठें उपयोगी, हें ओळखावें. स्वित्झर्लंडमध्यें मक्याच्या ५४ शेतांत केलेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कोठें मक्याची वाढ शेंकडा ४० नीं अधिक झाली, तर कोठें उलट शेंकडा १२ नीं घटली. स्पष्ट फायदा झाला तो सुमारें चौथ्या हिश्श्याच्या शेतांत. एकाच बुरशीचा परिणाम जमिनीजमिनींत इतका भिन्न. तेव्हां "सर्व पिकांस, सर्व जमिनींत हमखास" असें ज्या पुड्यावर लिहिलेलें असेल त्याविषयीं सावध असावें.

जेथें मूळची बुरशीच नाहीं तेथें पुडा खात्रीनें विचारांत घ्यावा. अमेरिकेंत लिंबूवर्गीय झाडांच्या रोपवाटिकांत रोगजंतु मारण्यासाठीं जमिनीस विषारी धुरी देत. त्यानंतर रोपें खुजीं राहत. धुरीचें विष जमिनींत उरलें असावें, असा समज होता. १९७२ सालीं सिद्ध झालें कीं धुरीनें सोबतीण बुरशीहि मेली होती, आणि ती परत देतांच रोपें वाढीस लागलीं. संत्रा-मोसंबीचीं रोपें निर्जंतुक केलेल्या मातींत किंवा नुसत्या कोकोपिटांत वाढविणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें. ऊतिसंवर्धित केळीचीं रोपें तर कांचेच्या बरणींतून येतात. त्यांच्या मुळांस ही बुरशी ठाऊकच नसते. मिरची, वांगीं, टोमॅटो, कांदा यांच्या गादीवाफ्यांवर थोड्या भुकटींत हजारों रोपांचें काम होतें. बांधकामांत वरची माती खरवडून गेलेल्या, किंवा वर्षाहून अधिक काळ उघड्या पडलेल्या जमिनींतहि ती द्यावयास हरकत नाहीं.

पुडा घेतांना व वापरतांना इतकें पहावें. खत नियंत्रण आदेश, १९८५ यांत या जैविक खतासाठीं जिवंत बीजाणूंचें किमान प्रमाण ठरविलेलें आहे. तें प्रमाण, तयार केल्याची तारीख व मुदत पुड्यावर छापलेली असावी. पुडा उन्हांत ठेवूं नये. भुकटी बियाण्याच्या किंवा रोपाच्या खालीं, मूळ तिला भेटेल अशा जागीं पडली पाहिजे; पानांवर फवारल्यानें कांहीं होत नाहीं. आणि ट्रायकोडर्मा किंवा स्फुरद विरघळविणारे जिवाणु यांप्रमाणें ही बुरशी पिंपांत गूळ घालून वाढवितां येत नाहीं. तसें करण्यांत गूळ व पुडा दोन्ही वायां जातात.

वाढवावयाचीच असेल तर पिकावरच वाढवावी. एक मीटर लांबरुंद व फूटभर खोल खड्डा करून त्यास प्लास्टिकचें अस्तर द्यावें. त्यांत निर्जंतुक वर्मिक्युलाइट व थोडी निर्जंतुक माती भरावी. खात्रीची भुकटी बियाण्याच्या खालीं पसरून वर मका दाट पेरावा. पाणी बेताचें द्यावें, स्फुरद नांवापुरताच. सुमारें ६० दिवसांनीं ताटें जमिनीलगत कापावीं, आणि मुळांचे बारीक तुकडे करून ते त्याच मिश्रणांत कालवावे. हेंच पुढील हंगामाचें विरजण. खड्ड्यांतील मका रोगट दिसल्यास मात्र तें वापरूं नये. मित्राबरोबर शत्रुहि वाढलेला असण्याचा संभव असतो.

७. घरची परीक्षा

शेवटीं एक आग्रहाची विनंति. कोणतीहि भुकटी संपूर्ण शेतांत टाकूं नये. चार ओळी भुकटीच्या, चार ओळी बिनभुकटीच्या, असें आळीपाळीनें निदान तीन वेळां करावें. बीं, खत व पेरणी सर्वत्र सारखी ठेवून खुंट्या ठोकाव्या. पावसाचा ताण पडला म्हणजे सकाळीं उन्हें चढण्यापूर्वीं फिरून कोणत्या ओळींचीं पानें मोकळीं आहेत, तें वहींत टिपावें. मळणीच्या वेळीं दोहोंचा दाणा वेगळा मोजावा. भुकटीच्या ओळींचें उत्पन्न खर्च फिटून उरण्याइतकें अधिक आलें, तर पुढील सालीं ती खुशाल घ्यावी. तसें न आल्यास दोन कारणें संभवतात: पुडा निर्जीव होता, किंवा आपल्या शेतांत ही बुरशी मुळांतच भरपूर आहे. दुसरें कारण असेल तर त्याहून आनंदाची गोष्ट कोणती?

लेखाच्या आरंभीं ज्या दोन शेतांचा उल्लेख केला त्यांतील फरकास पुष्कळ कारणें असूं शकतात, व त्यांत जमिनीची खोली हें नेहमींच मोठें राहील. खोली आपल्या हातची नाहीं. पाऊस तर नाहींच नाहीं. परंतु शेतांत वर्षांतून किती महिने जिवंत मूळ राहावें, हें ठरविणें सर्वस्वी आपल्या हातचें आहे. गोठ्यांतील बैलास वैरण घातल्यावांचून पेरणीच्या दिवशीं औत ओढण्याची अपेक्षा कोणी करीत नाहीं. जमिनींतील या मुक्या सोबतिणीसहि वर्षभर दोन घांस मिळत राहतील, अशी तजवीज शेतकरी बंधूंनीं करावी, म्हणजे ताणाच्या दिवसांत ती आपलें काम करील.